स्लीपिंग बॅगची निवड : मात्रा ज्याची त्याची

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी वैद्यकाबाहेरील विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी स्लीपिंग बॅग हा विषय निवडला. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की हाही विषय अखेर शरीरक्रियाशास्त्राचाच आहे. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही बेळगावचे सात डॉक्टर उत्तराखंडातील हर की दून खोऱ्यात गेलो होतो. मुक्काम सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, तंबूत. सर्वांसाठी बॅगा निवडण्याचे काम माझ्याकडे होते. वेष्टनावर ठळकपणे छापलेला ‘उणे १०’ हा आकडा पाहून मी निश्चिंत झालो. कारण रात्री तापमान उणे पाचच्या खाली जाणार नाही, असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर ठरला, निष्कर्ष चुकला. रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या तंबूतून हाक आली. आमच्यातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनी, वय साठीचे, प्रकृती कृश, बराच वेळ कुडकुडत होत्या आणि आता बोलताना त्यांची जीभ जड झाली होती. थर्मामीटरचा पारा पहिल्या खुणेपुढे सरकेना. दमट कपडे बदलून, दोन बॅगा एकीत एक घालून, अंगाखाली आणखी दोन मॅट पसरून आणि गरम साखरपाणी घोटाघोटाने पाजून तासाभराने त्या सावरल्या. सकाळी हसून एवढेच म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही मला डोस कमी दिलात.’’

ते अक्षरशः खरे होते. बॅगेवरील तापमानासाठी २००५ पासून ईएन १३५३७ हे युरोपीय प्रमाण लागू झाले; २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. त्यात प्रामुख्याने तीन आकडे असतात. पहिला ‘कम्फर्ट’ : या तापमानाला सर्वसाधारण स्त्री सैलावून, सुखाने झोपू शकते. दुसरा ‘लिमिट’ : सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकतो. तिसरा ‘एक्स्ट्रीम’ : सर्वसाधारण स्त्री सहा तास केवळ तग धरू शकते, हिमदंशाचा धोका तेव्हाही असतोच. मी वाचलेला उणे १० हा तिसरा आकडा होता. ईएन प्रमाणातील ती ‘सर्वसाधारण स्त्री’ २५ वर्षांची व ६० किलो वजनाची मानलेली आहे, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हते. निवड नेहमी कम्फर्टच्या आकड्यावरूनच करावी. वृद्ध, कृश व्यक्ती आणि थायरॉइडची कमतरता असलेल्यांनी त्यातही पाच अंशांची सूट ठेवावी. वेष्टनावर प्रमाणित चाचणीचा उल्लेख नसेल, तर तो आकडा विक्रेत्याचा अंदाज समजावा.

बॅग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. भरणातील स्थिर हवा शरीराची उष्णता अडवून धरते, इतकेच. त्यामुळे अंगाखाली दबलेले भरण जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि जमिनीकडून येणारा गारठा मॅटनेच रोखावा लागतो. बॅगेवर हजारो रुपये खर्चून मॅटची काटकसर करणे म्हणजे रेनकोट घालून अनवाणी चिखलात चालण्यासारखे आहे.

आता प्रकारानुसार निवड पाहू. आंबोली, चोर्ला किंवा गोव्याच्या किनाऱ्याजवळील मुक्कामात शत्रू थंडी नव्हे, दमटपणा असतो. तेथे पूर्ण चेन उघडून पांघरुणासारखी वापरता येणारी, कृत्रिम धाग्यांची हलकी आयताकृती बॅग पुरेशी होते. उन्हाळ्यात तर सुती चादरही चालते. पिसांचे भरण ओले झाले की दबते आणि ऊब गमावते, म्हणून पावसाळ्यात ते टाळावे. दमटपणातही बऱ्यापैकी ऊब देणारी आपल्याकडील धनगरी घोंगडी येथे आजही उपयोगी पडते. मात्र ती वजनाने जड असते.

सह्याद्रीतील गडांवर किंवा कळसूबाईसारख्या १,६४६ मीटर उंच शिखरालगत डिसेंबर-जानेवारीत मुक्काम करावयाचा असेल, तर कम्फर्ट पाच अंशांच्या आसपास असलेली बॅग घ्यावी. मोटारीने कुटुंबासह जाणाऱ्यांना वजनाची चिंता नसते; त्यांनी ऐसपैस आयताकृती बॅग घ्यावी.

हिमालयात मात्र डोक्याभोवती आवळता येणारी, पायाकडे निमुळती ‘ममी’ आकाराचीच बॅग हवी. आतली मोकळी जागा जितकी कमी, तितकी ती लवकर ऊबदार होते. साडेतीन हजार मीटरवरील ऑक्टोबरच्या मुक्कामासाठी कम्फर्ट उणे पाच ते उणे दहा असावा. येथे पिसांची बॅग वजनाला हलकी व लहान घडीची म्हणून श्रेष्ठ. फक्त ती कोरडी राहिली पाहिजे. म्हणूनच तोंड आत घेऊन श्वास सोडू नये. श्वासातील बाष्पाने भरण ओलावते. बॅग भाड्याची असेल तर स्वतःचे धुतलेले सुती अस्तर न्यावे. खरजेविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

झोपण्यापूर्वी काही खावे, कोरडे मोजे व टोपी घालावी. मद्याने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता निघून जाते. मधुमेहींच्या बधिर पावलांशी गरम पाण्याची बाटली ठेवू नये. घरी परतल्यावर बॅग घडी दाबून न ठेवता सैल ठेवावी.

त्या रात्रीनंतर सहलीच्या यादीत मी प्रत्येकाच्या नावापुढे वय, वजन व चालू औषधे लिहून घेतो आणि मगच बॅग ठरवितो. रुग्ण न तपासता औषध लिहू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. मला ते साठीच्या एका सहकारी भगिनीने कुडकुडत शिकविले.