छताला विचारून

टांगतं शिल्प करायचं काम मिळालं, की पहिला फोन इमारतीच्या आरसीसी कन्सल्टंटला करावा. मातीचं मॉडेल, रंग, नाव हे सगळं मागाहून. मुंबईत समुद्राजवळच्या एका सभागृहाच्या दर्शनी दालनात मी पितळी पत्र्यांचा थवा टांगला. त्याच्या बैठकांत आकारावर आणि चकाकीवर भरपूर चर्चा झाली. वरचा स्लॅब कसला आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. नकाशे मागवले तेव्हा कळलं, की स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे. म्हणजे काँक्रीटच्या पोटात प्रचंड ताणलेल्या पोलादी केबल. ड्रिल एखाद्या केबलला लागलं तर समोरच्याच्या जिवावर बेतू शकतं आणि स्लॅबही दुबळा होतो. म्हणून आधी स्कॅनिंग करून केबलच्या रेघा छतावर आखून घेतल्या. मला हव्या होत्या त्यातल्या निम्म्या जागा बाद झाल्या. गोल व्हायचा तो थवा लांबट झाला. आता लोक त्या लांबटपणाचं कौतुक करतात आणि मी गप्प राहतो.

पुढचा वाद अँकरचा. कंत्राटदार म्हणाला, केमिकल अँकर मारू, लगेच पकडतो. पकडतो हे खरं. पण शिल्प वर्षानुवर्षं, एक क्षणही न थांबता खाली ओढत असतं. बोस्टनच्या एका बोगद्यात जुलै २००६ मध्ये छताच्या काँक्रीटच्या लाद्या धावत्या मोटारीवर कोसळल्या आणि एक महिला ठार झाली. चौकशीत निघालं ते असं, की तिथल्या केमिकल अँकरमधलं, बोल्ट चिकटवणारं इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेलं होतं. सगळेच केमिकल अँकर वाईट असं मी म्हणत नाही. पण माणसांच्या डोक्यावर, सरळ खाली ओढणाऱ्या भारासाठी मी ते टाळतो. आम्ही केबलच्या मधल्या जागांतून आरपार बोल्ट घेतले आणि वरच्या मजल्यावर जाड प्लेटा बसवल्या. त्यासाठी तिथल्या ऑफिसची फरशी उचलावी लागली. तिथले साहेब पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

‘दोर स्टेनलेस आहे, काळजी नको’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटू लागते. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी १९८५ मध्ये पोहण्याच्या तलावावरचं काँक्रीटचं छत पडून १२ जण गेले. ते छत स्टेनलेस पोलादाच्या सळ्यांवर टांगलेलं होतं आणि तलावाच्या हवेतल्या क्लोराइडने त्या सळ्यांना तडे गेले होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत निदान ३१६ प्रतीचं पोलाद घ्या; ३०४ स्वस्त पडतं, पण त्यावर लवकर डाग पडतात. बंदिस्त तलावावर काही टांगायचं असेल, तर धातूतज्ज्ञाला विचारल्याशिवाय दोर विकतच घेऊ नका. आणि पितळ थेट स्टेनलेसला टेकवू नका. दमट खाऱ्या हवेत त्या जोडीत पितळ झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

दोरांच्या कोनाचं गणित तर शाळेतलं आहे, तरी दर वेळी कोणीतरी फसतं. २०० किलोचं शिल्प दोन उभ्या दोरांवर टांगलं तर प्रत्येकावर १०० किलो येतात. दिसायला छान म्हणून तेच दोर फाकवले आणि जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकावर २०० येतात. १५ अंशांवर ३८६. दोराचा तुटण्याचा भार प्रत्यक्ष भाराच्या निदान दहापट हवा, हा माझा नियम. हिशेब तपासणाऱ्याची सहीही घेऊन ठेवतो.

टांगायचं काम खलाश्यांचं, म्हणजे अवजड वस्तू कप्पीने चढवणाऱ्या कामगारांचं. त्यांचा मुकादम कप्पीवर थवा चढवताना ज्या शांतपणाने हुकूम सोडत होता, तो शांतपणा आमच्या कलाशाळेत कोणी शिकवला नव्हता. पण शेवटच्या रात्री घाई झाली आणि टर्नबकलला, म्हणजे दोर ताणायच्या स्क्रूला, तो सैल होऊ नये म्हणून बांधायची लॉकवायर राहिली. ड्रॉइंगमध्ये ती होती. उद्घाटन झालं, फोटो निघाले. मग काही आठवड्यांनी दालन झाडणाऱ्या मावशींनी मला एक नट आणून दिला. म्हणाल्या, “दादा, हा वरचाच असणार. आमच्या खुर्च्यांना असले नट नाहीत.” एसीचा झोत थेट थव्यावर येत होता. त्याने थवा दिवसरात्र हलत, पिळवटत राहिला आणि टर्नबकल सैल होत गेलं. त्याच संध्याकाळी दालन बंद करून सगळं उतरवलं. आता प्रत्येक दोराला पीळ सोडवणारं स्विव्हल आहे, टर्नबकलला लॉकवायर, आणि मुख्य दोरापासून वेगळा, स्वतःच्या बोल्टवरचा एक जादा दोर. एसी नेहमीसारखा चालू असताना तासभर खाली बसून बघा. शिल्प काय करतं ते कळतं. आणि झाडणाऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, वरून काहीही पडलं तर टाकू नका, मला फोन करा.

शिल्प ताब्यात दिल्यावर ते कोणाचं, हा प्रश्न वेगळाच. अलेक्झांडर कॅल्डरचं ‘पिट्सबर्ग’ हे काळंपांढरं झुलतं शिल्प १९५८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या काउंटीकडे गेलं. काउंटीने ते विमानतळावर लावताना आपल्या हिरव्या-सोनेरी रंगात रंगवलं आणि फिरवायला मोटर बसवली. कॅल्डर तक्रार करत राहिला. आपल्याकडे दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २००५ मध्ये. एवढी वर्षं कोर्टात घालवण्यापेक्षा करारात चार ओळी जास्त लिहाव्यात: रंग बदलायचा नाही, जागा बदलताना कळवायचं, वर्षातून एकदा खाली उतरवून तपासायचं आणि तो खर्च कोण देणार. हा शेवटचा मुद्दा समित्यांना सगळ्यात नकोसा असतो. मी हल्ली त्यावर सही झाल्याशिवाय पितळ कापायला घेत नाही. थोडे जादा पत्रेही तिथल्याच कपाटात ठेवून येतो. माझ्या थव्याचा पहिला जादा पत्रा वापरावा लागला तो वाढदिवसाच्या एका कार्यक्रमानंतर, गॅसच्या फुग्याची दोरी अडकून पत्रा वाकला म्हणून. दालनात फुगे आणायचे नाहीत, हेही करारात घाला.