तेजाबात गेलेले सोने

आपला सावलीचा मुलूख धानाचा. धान चांगले पिकले तर घरात डोरले येते, एकदाणी येते. पाऊस दगा देतो त्या वर्षी तेच डोरले सराफाकडे जाते. रोवणीच्या खर्चाला, दवाखान्याला, लेकीच्या लग्नाला सोनेच धावून येते. सोने म्हणजे आपल्या घरची बँकच.

मग या बँकेचा हिशेब आपल्याला यायला नको का? सोन्यात हीण किती आहे? वजन घटले तर सोने गेले कुठे? याचे उत्तर सराफाच्या दुकानातल्या एका लहानशा बाटलीत आहे. त्या बाटलीत तेजाब असते. या धड्यात आपण त्या तेजाबाची ओळख करून घेऊ.

आंबट आणि धातू

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर काय होते? ताक कळकते. ते पिऊ नये, हे घरातल्या म्हाताऱ्या बायांना शाळेत न जाताही ठाऊक असते. ताकातल्या आंबटाने पितळेतले तांबे थोडे विरघळते आणि ताकात उतरते. म्हणून तर आपण पितळी भांड्याला कल्हई करतो. चिंचेने घासलेला तांब्याचा गुंड लखलखतो, तोही याच कारणाने. चिंचेतला आंबटपणा तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतो.

अशा आंबट पदार्थांना शास्त्रात आम्ल म्हणतात. ताक, चिंच, लिंबू ही सौम्य आम्ले. आपण ती खातो. तेजाब हे मात्र फार जहाल आम्ल आहे. सोनाराच्या या तेजाबाला नायट्रिक आम्ल किंवा नत्राम्ल म्हणतात. पूर्वी ते सोऱ्यापासून काढीत. आता मोठ्या कारखान्यांत ते अमोनिया वायूपासून तयार करतात. खत बनवायला आणि सुरुंगाची दारू बनवायलाही तेच लागते.

संडास धुण्याचे ॲसिड बाजारात मिळते. ते वेगळे. ते लोखंड खाते, पण तांबे आणि चांदी त्याला दाद देत नाहीत. नत्राम्ल तांब्यालाही सोडत नाही आणि चांदीलाही सोडत नाही. असे का? नत्राम्लाच्या अंगी प्राणवायू भरपूर असतो. तो प्राणवायू ते धातूला देते आणि धातूला विरघळवते.

कोणता धातू काय करतो?

तांबे नत्राम्लात पडले की फसफसते. तपकिरी-लाल धूर निघतो. पाणी हिरवे-निळे होते.

चांदीही विरघळते. पण चांदी शुद्ध असेल तर पाणी निर्मळ दिसते. त्यात काही आहे असे वाटतही नाही. पाणी निळसर झाले, तर समजावे की चांदीत तांबे होते.

कथील, म्हणजे कल्हईचा धातू, विरघळत नाही. त्याची पांढरी भुकटी होते.

लोखंडाचे वागणे मजेचे आहे. पाणी घातलेले पातळ नत्राम्ल लोखंडाला खाऊन टाकते. पण फार कडक नत्राम्लात लोखंड तसेच राहते. त्याच्या अंगावर एक पातळ साल धरते आणि ती साल आतल्या लोखंडाला राखते. ॲल्युमिनियमचेही असेच होते. म्हणून कडक नत्राम्ल ॲल्युमिनियमच्या टाक्यांतून नेतात.

आणि सोने? सोन्याला एकटे नत्राम्ल काही करू शकत नाही. सगळे विरघळते, सोने तळाशी राहते. सोनाराची सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

कसोटी आणि तेजाब

सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासतो. दगडावर पिवळी रेघ उमटते. तिच्यावर तो तेजाबाचा थेंब सोडतो. पितळेची रेघ असेल तर ती पाहता पाहता नाहीशी होते. सोन्याची रेघ टिकते.

पण एवढ्याने भागत नाही. तांब्यावर सोन्याचा मुलामा असेल तर वरची रेघ सोन्याचीच उमटेल. म्हणून जुने लोक दागिना सुलाखून पाहत. दुसरी गोष्ट अशी की, सोने १८ कॅरेटचे आहे की २२ कॅरेटचे, हे साधे तेजाब सांगत नाही. दोन्ही रेघा टिकतात.

कॅरेट म्हणजे काय? शुद्ध सोन्याचे २४ भाग मानले आहेत. २२ कॅरेट म्हणजे २२ भाग सोने आणि २ भाग हीण. हजारात ९१६ भाग सोने. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोने. हीण बहुधा तांब्याचे किंवा चांदीचे असते. थोडे हीण लागतेच. निव्वळ सोने मऊ असते, त्याचा दागिना टिकत नाही. हीण घालण्यात लबाडी नाही. हीण किती घातले, ते लपवण्यात लबाडी आहे.

हीण वेगळे कसे काढतात?

सांगली जिल्ह्यात खानापूर आणि आटपाडी हे तालुके आहेत. दुष्काळी मुलूख. तिथली शेकडो माणसे पोटासाठी घर सोडून देशभरच्या सराफ बाजारांत गेली. सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हा त्यांचा धंदा. याला गलाई म्हणतात. त्यांचे काम कसे चालते ते पाहा.

जुने सोने मुशीत वितळवतात. त्यात आणखी चांदी किंवा तांबे मिसळतात. आहे तेच हीण काढायचे, मग आणखी कशाला घालायचे? कारण सोने जास्त असले तर ते आतल्या हिणाला झाकून ठेवते. तेजाब आतपर्यंत पोचत नाही. म्हणून एक भाग सोने आणि तीन भाग हीण असे प्रमाण करतात. मग तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि दाणे नत्राम्लात तापवतात. तांबे, चांदी पाण्यात उतरतात. तळाशी तपकिरी भुकटी उरते. दिसायला मातीसारखी, पण तेच सोने! धुऊन पुन्हा वितळवले की ते पिवळेधमक होते.

उरलेले पाणी फेकून देत नाहीत. त्यात चांदी आहे. त्या पाण्यात तांब्याचा पत्रा ठेवला की तांबे पाण्यात जाते आणि चांदी राखाडी भुकटी होऊन बाहेर येते. मिठाचे पाणी घातले तरी चांदी दह्यासारखी पांढरी होऊन तळाशी बसते. पुढे तांबे परत हवे असेल, तर त्याच पाण्यात लोखंड टाकतात. लोखंड आत जाते, तांबे बाहेर येते.

हे तुम्हांला घरीही पाहता येईल, तेही तेजाबाशिवाय. काचेच्या पेल्यात पाणी घ्या. त्यात चिमूटभर मोरचूद विरघळवा. पाणी निळे होईल. मोरचुदात तांबे असते, म्हणून हा निळा रंग. आता त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा टाका. थोड्या वेळाने खिळ्यावर तांब्याचा लाल थर चढेल. मोरचूद विषारी आहे. तो पेला पुन्हा पिण्यासाठी वापरू नका, मुलांना दूर ठेवा, हात धुवा.

यातून एक मोठी गोष्ट कळते. विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. धातू पाण्यात लपतो, पण संपत नाही. ज्याला युक्ती ठाऊक, तो त्याला परत काढतो.

याची एक खरी गोष्ट आहे. १९४० साली जर्मन फौजा डेन्मार्क देशात शिरल्या. कोपनहेगन शहरात नील्स बोर या शास्त्रज्ञाची संस्था होती. तिथे लाउए आणि फ्रँक या दोन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदके ठेवलेली होती. पदकांवर त्यांची नावे कोरलेली. ती सापडली असती, तर लाउए यांच्यावर संकट आले असते. तेव्हा हेवेशी या शास्त्रज्ञाने ती पदके आम्लराजात विरघळवली आणि ती बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली, पण बाटलीकडे कोणी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर त्या पाण्यातून सोने परत काढले आणि त्याची पुन्हा पदके घडवली.

आम्लराज म्हणजे काय? एक भाग नत्राम्ल आणि तीन भाग संडास धुण्याच्या ॲसिडातले आम्ल. एकेकटे असताना दोघांनाही सोने दाद देत नाही. दोघे एकत्र आले की सोने विरघळते.

दारावर येणारा उजळणारा

तीच युक्ती ठगही जाणतात. दुपारी पुरुष माणसे शेतात असतात. तेव्हा एक जण दारात येतो. आधी पितळी भांडे फुकट घासून देतो. मग म्हणतो, "बाई, पोत आणा, उजळून देतो." पोत तो आपल्या पिवळ्या पाण्यात बुडवतो. मग हळदीच्या पाण्यात घालून परत देतो. पोत चकाकते. पुढे सराफाकडे वजन केले तर कमी भरते.

बाई विचारतात, "वजन कमी कसं भरलं जी?" तो आधीच सांगून गेलेला असतो, "मळ गेला, बाई."

मळ एवढा जड नसतो. १० ग्रॅमची पोत ८ ग्रॅम झाली, तर २ ग्रॅम सोने त्याच्या पाण्यात गेले. ते पाणी तो घरी नेतो आणि त्यातून सोने काढून घेतो. म्हणून दागिना दारावर कोणालाही उजळायला देऊ नये. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने दागिना घरीच स्वच्छ होतो.

विकताना, घेताना

दागिना विकताना आधी वजन, मग कस, मग भाव, असा क्रम ठेवा. समजा दागिना १२ ग्रॅमचा आहे आणि सोने १८ कॅरेटचे आहे. १२ ला १८ ने गुणा, २४ ने भागा. उत्तर येते ९. म्हणजे शुद्ध सोने ९ ग्रॅम. दागिना गाळायचा असेल तर आपल्यासमोर गाळा. आधीचे आणि नंतरचे वजन स्वतः वाचा. आता आपल्याला आकडे वाचता येतात. मग काटा दुसऱ्याने का वाचावा?

नवा दागिना घेताना हॉलमार्क पाहा. १६ जून २०२१ पासून सरकारने तो जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, २२ के ९१६ असा कस आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. हा क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून पाहता येतो. पक्की पावती घ्या. हॉलमार्क केंद्रात जुन्या दागिन्याचाही कस तपासून मिळतो. तिथल्या सर्वांत पक्क्या परीक्षेतही शेवटी नत्राम्लच चांदी विरघळवते आणि सोने तेवढे मागे ठेवते.

तेजाबापासून जपा

गावातले काही भाऊ सोनाराच्या, गलाईच्या कामाला जातात. त्यांनी हे नीट वाचावे. तेजाब कातडीवर पडले तर कातडी पिवळी होते आणि भाजते. लगेच वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवा. कपडे उतरवा. चुना, सोडा लावू नका. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. तेजाब पोटात गेले तर उलटी करवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

तपकिरी धूर सगळ्यांत दगेखोर. तो छातीत गेला तर आधी थोडा खोकला येतो, मग माणसाला बरे वाटते. पण काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुप्फुसात पाणी भरते आणि जीव जाऊ शकतो. म्हणून धूर लागलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. "तेजाबाचा तपकिरी धूर लागला," असे डॉक्टरांना सांगा. काम उघड्या हवेत किंवा धूर ओढणाऱ्या पंख्याखाली करा. तेजाब पातळ करताना पाण्यात तेजाब घाला. तेजाबात पाणी कधीही ओतू नका. पिण्याच्या बाटलीत तेजाब भरू नका.

लक्षात ठेवा

नत्राम्लात तांबे, चांदी विरघळतात. सोने विरघळत नाही.
आम्लराजात सोनेही विरघळते.
विरघळलेला धातू संपत नाही, तो परत काढता येतो.
दागिना हातचा सोडण्याआधी वजन करा, परत घेताना पुन्हा करा.

उत्तरे सांगा

१. पितळी भांड्याला कल्हई का करतात?
२. तेजाबाचे पाणी निळे झाले तर त्यात कोणता धातू असावा?
३. एक दागिना १६ ग्रॅमचा, १८ कॅरेटचा आहे. त्यात शुद्ध सोने किती?
४. "मळ गेला" असे म्हणणाऱ्याला तुम्ही काय उत्तर द्याल?