व्हायोलिनच्या तारांची निगा

सतार, तंबोरा, सारंगी यांप्रमाणे व्हायोलिन हेही तंतुवाद्य होय; परंतु ते मूळचे आपल्याकडील नव्हे. सोळाव्या शतकात उत्तर इटलीमध्ये त्याला आजचे रूप आले. पुढे ते भारतात आले आणि येथील संगीतात मिसळून गेले. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७), वि. गो. जोग (१९२२–२००४) यांसारख्या थोर वादकांनी त्यावर आपले राग असे वाजविले, की वाद्य परके आहे याची श्रोत्यांस आठवणही राहू नये.

व्हायोलिनला चार तारा असतात. पूर्वी त्या मेंढीच्या आतड्यापासून करीत. हल्ली काही तारा पोलादाच्या, तर काही नायलॉनसारख्या धाग्यावर धातूची बारीक पट्टी गुंडाळून केलेल्या असतात. तार कशाचीही असो, तिला वार्धक्य येतेच. बोटांचा घाम तिला लागतो, गजाला लावलेल्या राळेची भुकटी तिच्यावर साचते आणि सततच्या ताणाने ती शिणते.

तार तुटली म्हणजे बदलावी, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत बरोबर नव्हे. तार तुटण्याच्या कितीतरी आधी तिचा स्वर बिघडतो. तारेची जाडी आणि वजन सर्वत्र सारखे असेल, तरच ती खरा स्वर देते. एके ठिकाणी झिजलेली व दुसरीकडे मळलेली तार बेसूर बोलू लागते. हा बिघाड इतक्या हळूहळू होतो, की रोज ऐकणाऱ्या कानाला तो कळत नाही. मग विद्यार्थी आपल्या बोटालाच दोष देतो आणि खोट्या स्वराशी जुळवून घेत बोट चुकीच्या जागी ठेवण्याची सवय लावून घेतो. म्हणून तार वेळीच ओळखली पाहिजे.

ती ओळखावी कशी? तारेवरची पट्टी उसवली, रंग काळवंडला किंवा बोटाला खडबडीत लागले, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. दुसरी परीक्षा कानाची. शेजारच्या दोन तारा ‘सा’ आणि ‘प’ अशा नीट मिळवाव्यात. मग त्या दोन्हींवर एकच बोट सरळ आडवे दाबून गज फिरवावा. निरनिराळ्या जागी दाबूनही तो मेळ टिकत नसेल, तर दोन्हींपैकी एक तार निकामी झाली आहे. रोज वाजविणाऱ्याने वर्षातून एकदा तरी तारा बदलाव्यात.

आता एक नियम कधीही विसरू नये : चारही तारा एकदम काढू नयेत. ज्या घोडीवर तारा टेकतात, ती चिकटविलेली नसते. वाद्याच्या पोटात एक बारीक लाकडी दांडी उभी असते, तीही चिकटविलेली नसते. फ्रेंच भाषेत तिला ‘आत्मा’ म्हणतात. या दोघी तारांच्या ताणामुळेच जागेवर राहतात. ताण एकदम नाहीसा झाला, तर घोडी पडते आणि आतली दांडीही ढळू शकते. ती पुन्हा बसविण्यास कुशल कारागीरच लागतो.

यास्तव एकेक तार बदलावी. वाद्य मऊ कापडावर ठेवावे. खुंटी सैल करून जुनी तार काढावी. तार ज्या खाचांतून जाते, त्यांत पेन्सिलीचे शिसे घासावे, म्हणजे ती सुलभ सरकते. नव्या तारेचे टोक खुंटीच्या छिद्रात घालून वेढे एकाशेजारी एक द्यावेत. खुंटी किंचित आत दाबीत हळूहळू पिळावी. चेहरा मात्र दूर ठेवावा. तार चढताना घोडीचा माथा पुढे ओढला जातो. तो दोन्ही हातांनी अलगद सरळ करावा. मग दुसऱ्या तारेस हात घालावा.

नवी तार ताणली जात असल्यामुळे पहिले काही दिवस वारंवार उतरते. तिला दोष न देता पुन्हा पुन्हा मिळवावे. वाजविणे झाले, की कोरड्या कापडाने तारा पुसाव्यात. वाद्याची अशी निगा राखणे हाही संगीताच्या अभ्यासाचाच एक भाग आहे.

स्वाध्याय
१. तार तुटेपर्यंत वाट पाहिल्यास विद्यार्थ्याचे कोणते नुकसान होते?
२. चारही तारा एकदम का काढू नयेत?
३. तुमच्या घरातील एखाद्या वस्तूची निगा कशी राखावी, ते दहा ओळींत लिहा.