नसलेला हात दुखतो तेव्हा

कडबाकुट्टीत माझा उजवा हात कोपराखाली गेला. जखम भरली, टाके निघाले. दुखणं मात्र राहिलं, आणि तेही नसलेल्या बोटांत. मूठ घट्ट आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली, अन् ती सोडवायची तर हातच नाही. घरचे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. भावकीतून ‘बाहेरचं बघा’ असाही सल्ला आला. ऑपरेशन झालं तिथे कुणी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हात-पाय गमावलेल्या बहुतेकांना हे कमीजास्त होतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला ते आधीच कळावं.

हे वेड नव्हे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रवाझ पारे या शल्यविशारदाने ते नोंदवून ठेवलं आहे. कापलेल्या नसांची टोकं भलते संदेश पाठवत राहतात, मज्जारज्जू ते आणखी वाढवतो, आणि मेंदू ते हाताच्याच नावावर घेतो. मेंदूत सगळ्या शरीराचा जणू नकाशा असतो, आणि त्यात हाताशेजारी चेहरा असतो. तमिळनाडूत जन्मलेले, कॅलिफोर्नियात काम करणारे डॉ. रामचंद्रन यांना असे रुग्ण भेटले, की गालाला बोट लावलं तर ते त्यांना नसलेल्या हातावर जाणवायचं. चेहऱ्याने हाताची रिकामी जागा बळकावली, म्हणून वेदना, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांचा मेंदू हात कापण्याआधी आणि नंतर तपासला, तेव्हा हाताचा नकाशा जवळजवळ तसाच सापडला. मला हे पटतं. मी अंगठा हलवू म्हणतो, तेव्हा कोपराखाली उरलेले स्नायू आजही आवळले जातात.

रामचंद्रन यांनीच १९९०च्या दशकात आरशाचा उपाय आणला. छातीसमोर आरसा उभा धरायचा. धड हात काचेच्या बाजूला, थोटा हात मागे. हातातली अंगठी, घड्याळ, बांगडी काढून ठेवा, नाहीतर प्रतिबिंब आपलं वाटत नाही. मग प्रतिबिंबावर नजर ठेवून मूठ अगदी सावकाश उघडा-मिटा, आणि तेच नसलेल्या हातानेही करत राहा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, रोज. पहिल्यांदा काहींना गरगरतं, रडू फुटतं, तेव्हा थांबावं. माझी मूठ यानेच सैल पडली. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, म्हणून सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोर करा.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे बऱ्याचदा पुऱ्या पडत नाहीत. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात. ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत आणि मनाने एकदम बंद करू नयेत. उरलेल्या भागावर जखम, नसेची गाठ किंवा जयपूर हात-पाय नीट न बसणं, हेही तपासून घ्या. मात्र वैतागून ‘आणखी वरून कापा’ म्हणू नका. नुसतं वर कापल्याने ही वेदना जात नाही.

मधुमेहाने पाय काढायची वेळ आली असेल, तर ऑपरेशनआधीच दुखणं आटोक्यात आणायला सांगा. आधी फार दुखत असलेल्यांना नंतर या त्रासाचा धोका जास्त असतो.

तुमच्या माहितीत कुणाचा हात-पाय गेला असेल, तर भेटायला जाल तेव्हा स्पष्ट विचारा, ‘गेलेला हात दुखतो का?’ आपण होऊन ते सहसा कुणी सांगत नाही. तो हो म्हणाला, तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.