मिनी ट्रॅक्टरला किती फुटी गवत कापणी यंत्र जोडावे?

प्रश्न : माझ्याकडे २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. दीड एकर पेरूची बाग आहे, लागवड तीन बाय दोन मीटरवर. उरलेल्या तीन एकरांत ऊस असून यंदा खोडवा ठेवणार आहे. पावसाळ्यात बागेत गवत आणि काँग्रेस गवत कमरेइतके वाढते. दरवेळी रोटाव्हेटर मारतो, पण हराळी पुन्हा दुप्पट जोमाने येते. म्हणून ट्रॅक्टरमागे चालणारे गवत कापणी यंत्र, म्हणजे रोटरी स्लॅशर घ्यायचा विचार आहे. दुकानदार पाच फुटी घ्या म्हणतो, भाऊबंद म्हणतात चार फुटी पुरे. पाच फुटीने काम लवकर उरकेल का? आणि त्याच यंत्राने उसाच्या पाचटाची कुट्टी होईल का?
— एक वाचक, कोपरगाव

उत्तर : चार फुटी घ्या. तुमच्या बागेत पाच फुटीने एक मिनिटही वाचणार नाही. आणि पाचटासाठी हे यंत्र वापरू नका. ही तीनही उत्तरे तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येतील. त्यासाठी मोजपट्टी, ट्रॅक्टरचे माहितीपुस्तक आणि थोडा हिशेब एवढे पुरे.

आधी रोटाव्हेटरबद्दल. हराळी कांड्यांपासून वाढते. रोटाव्हेटर त्या कांड्यांचे तुकडे करतो आणि बागभर पसरवतो, प्रत्येक तुकड्याला नवा फुटवा येतो. शिवाय पेरूची अन्न घेणारी मुळे बरीचशी वरच्या थरात असतात, ती दरवेळी तुटतात. स्लॅशर मातीला हात लावत नाही. गवत तीन-चार इंचांवर कापून जागेवरच टाकतो. त्याचे आच्छादन होते, भर पावसात माती वाहून जात नाही, आणि काळ्या जमिनीत ट्रॅक्टरच्या चाकांखाली मुळांचा एक थर टिकून राहतो. स्लॅशरने हराळी मरणार नाही, पण कांड्यांच्या तुकड्यांतून बागभर पसरणारही नाही. काँग्रेस गवत मात्र फुलावर येण्याआधी कापले तरच उपयोग. बी धरल्यावर कापले तर आपणच पेरणी केल्यासारखे होते.

पहिले माप ओळीचे

तुमच्या दोन ओळींत तीन मीटर अंतर आहे. पण यंत्राला मिळते ती फांद्यांमधली मोकळी जागा. ऑगस्टमध्ये फांद्या पसरलेल्या असताना मोजपट्टी धरा. दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर फांद्या आल्या असतील, तर मधे दीड मीटर उरते. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर, आणि ही नुसती कापणीची रुंदी झाली. यंत्राचा पत्रा त्याहून थोडा रुंद असतो. म्हणजे पाच फुटी यंत्र फळाच्या फांद्या घासतच जाणार. चार फुटीची कापणी १.२२ मीटर, पत्र्यासकट साधारण १.३५ मीटर धरा. ते नीट जाते.

मग तीन फुटी का नको? मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी बहुधा तीन ते साडेतीन फूट असते. यंत्राची कापणी चाकांच्या दोन्ही बाजूंना थोडी तरी बाहेर यायला हवी. नाहीतर चाकाखाली दबलेले गवत न कापता मागे राहते आणि दुसऱ्या दिवशी उभे होते. चाकांची रुंदी आपल्या ट्रॅक्टरवर मोजूनच घ्या, कारण चाकांमधले अंतर कमी-जास्त करता येते.

दुसरे माप पीटीओचे

ट्रॅक्टरवर लिहिलेली २४ एचपी ही इंजिनची ताकद. यंत्राला मिळते ती पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टची ताकद, आणि ती माहितीपुस्तकात वेगळी दिलेली असते. २४ एचपीच्याच दोन ट्रॅक्टरांत एकाची पीटीओ ताकद १७ आणि दुसऱ्याची २२ एचपी असू शकते. विक्रेता हा आकडा क्वचितच सांगतो, म्हणून तो स्वतः शोधा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालातही तो असतो.

कमरेइतक्या दाट गवतासाठी रोटरी यंत्राला फुटामागे चार ते पाच पीटीओ एचपी लागते. मधला साडेचार धरला, तर चार फुटांना १८ आणि पाच फुटांना साडेबावीस एचपी होते. तुमच्या ट्रॅक्टरची पीटीओ ताकद २२ असली तरी पाच फुटीला तो कमीच पडणार. पीटीओ १७ असेल तर चार फुटीसाठीही गिअर खालचा ठेवावा लागेल, पण काम होईल.

ताकद कमी पडली की काय होते, हे समजून घ्या. यंत्र पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालण्यासाठी बनवलेले असते. भार वाढला की इंजिन दबते, फेरे उतरतात, पात्यांचा वेग घटतो. मग गवत कापले न जाता फाटते आणि पत्र्याखाली साचते. चालक साहजिकच ट्रॅक्टर हळू करतो.

रुंद यंत्राचा वेग

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाच फुटीने काम लवकर उरकेल का?

बागेत एका ओळीतून एकच फेरी होते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ओळी तीन मीटरवर असल्या तर एकरात साधारण १,३५० मीटर लांबीच्या मोकळ्या पट्ट्या होतात. दीड एकरात दोन किलोमीटर. ताशी तीन किलोमीटर वेगाने हे अंतर ४० मिनिटांत होते, वळणे धरून तासाभरात. यंत्र चार फुटी असो वा पाच फुटी, चालायचे अंतर तेवढेच. खोडालगतचा पट्टा दोन्ही वेळा ब्रश कटरने किंवा खुरप्यानेच काढावा लागणार.

मोकळ्या पडीत रुंदीचा फायदा होतो, पण वेग टिकला तरच. चार फुटी यंत्र ताशी तीन किलोमीटरने चालले तर तासाला सुमारे ३,६०० चौरस मीटर कापते. पाच फुटीने इंजिन दबून वेग दोन किलोमीटरवर आला, तर तासाला ३,००० चौरस मीटरच होते. रुंद यंत्र जास्त डिझेल जाळून कमी काम करते.

तिसरे माप पुढच्या चाकांचे

हे माप जवळजवळ कुणीच घेत नाही, आणि अपघात इथेच होतात. लिफ्टची क्षमता ७५० किलो लिहिलेली दिसली की शेतकऱ्याला वाटते, कोणतेही यंत्र उचलेल. उचलेलही, पण पुढची चाके हलकी पडतील. यंत्र उचललेले असताना ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या २० टक्के तरी भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग वळवले तरी ट्रॅक्टर सरळच जातो.

उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर ७०० किलोचा, त्यातले ३०० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये दीड मीटर अंतर. यंत्र २०० किलोचे, आणि त्याचा भार मागच्या आसापासून १.२ मीटर मागे. २०० ला १.२ ने गुणून दीडने भागा. पुढच्या चाकांवरून १६० किलो कमी होतात, उरतात १४०. हे ७०० चे बरोबर २० टक्के. म्हणजे या ट्रॅक्टरची मर्यादा २०० किलो. यंत्र २६० किलोचे असेल तर पुढे फक्त ९२ किलो उरतात. चारीवर चढताना किंवा बांध ओलांडताना हे जिवावर बेतू शकते. अशा वेळी पुढे वजने लावावी लागतात, आणि ती लावायची सोय नसेल तर हलके यंत्र घ्यावे.

पाचटाचे काय?

स्लॅशरचे लांब पाते उभे गवत छान कापते, पण जमिनीवर पसरलेले पाचट त्याला धरता येत नाही. ते ढकलले जाते, पात्याच्या दांड्याला गुंडाळते आणि तुकडे हातभर लांबीचे राहतात. पाचट कुट्टीसाठी मल्चर लागतो. त्यात आडव्या दांड्यावर अनेक छोटी पाती असतात, ती पाचट उचलून आपटतात. त्याला फुटामागे स्लॅशरच्या दीडपट तरी ताकद लागते. २४ एचपीकडून ती अपेक्षा धरू नका.

मिनी ट्रॅक्टर आपण घेतो तो अरुंद जागेत शिरण्यासाठी. ऊस तुटून गेल्यावर शेत मोकळे असते. त्या दिवसांत ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर मल्चरसह भाड्याने सहज चालतो. मोठी चाके सरीत राहतील आणि बुडखे चिरडणार नाहीत एवढे पाहा. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी लाखाच्या घरातले यंत्र विकत घेण्यापेक्षा हे परवडते.

पाचट मात्र जाळू नका. कोपरगावची काळी जमीन वर्षानुवर्षे कालव्याचे पाणी आणि रासायनिक खते घेत आली आहे. तिला आज सर्वांत जास्त गरज सेंद्रिय कर्बाची आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघते, त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते आणि पालाश त्याहून जास्त. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार एक टन पाचटासाठी आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरावेत. म्हणजे एकरी २४ ते ३२ किलो युरिया. बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत, कुट्टी सरीत दाबावी आणि पाणी द्यावे.

पैसे देण्यापूर्वी

चार आकडे कागदावर लिहून दुकानात जा : फांद्यांमधली मोकळी जागा, मागच्या चाकांची बाहेरून रुंदी, पीटीओची एचपी आणि यंत्राचे वजन पेलण्याची मर्यादा. तीन पॉइंट लिंकेजच्या पिना आपल्या ट्रॅक्टरच्या मापाच्या आहेत का, ते जोडून पाहा. गिअर बॉक्सच्या आधी शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच असलाच पाहिजे. पाते दगडाला किंवा खोडाला अडले तर तो बोल्ट तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. पाती घट्ट बसवलेली नसून सैल झुलणारी हवीत. धार लावताना दोन्ही पात्यांचे वजन सारखे ठेवा, नाहीतर यंत्र थरथरून बेअरिंग खाते.

महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान घेणार असाल, तर पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या यंत्राचे बिल चालत नाही. आणि बागेत ठिबक असेल तर नळ्या कापणीआधी खोडालगत सरकवून बांधा. मोकळ्या पट्ट्यात राहिलेली एक नळी सगळी ओळ गुंडाळून घेते.

जोडप्रश्न : माझ्या मिनी ट्रॅक्टरला पीटीओचे दोन वेग आहेत, ५४० आणि ९८०. जास्त वेगावर स्लॅशर चालवला तर कापणी चांगली होईल का?

अजिबात करू नका. ५४० हा वेग जगभरात ठरलेला आहे, म्हणून तर राजकोटला बनलेले अवजार कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला जोडता येते. चार फुटी यंत्रात पाती मिनिटाला हजार फेरे घेतात असे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. ९८० वर तो चारशेच्या पुढे जातो, आणि उडालेल्या खड्याची मारक शक्ती सव्वातीनपट होते. पाती, बोल्ट, गिअर बॉक्स यांपैकी काहीही त्यासाठी बनवलेले नाही. जोडणी करतानाच लिव्हर ५४० वर आहे ना, ते पाहण्याची सवय लावा.

जोडप्रश्न : आम्ही बायका बागेत पेरू तोडत असतो आणि शेजारच्या ओळीत गवत कापणी चालू असते. किती लांब राहावे?

शेजारच्या ओळीत तर नाहीच. तीनशे फुटांच्या आत कुणी असेल तर यंत्र सुरू करू नये. मुरमाड रानात त्याहूनही लांब राहावे. यंत्राच्या मागे-पुढे लोंबणाऱ्या साखळ्या किंवा रबरी पडदा खडे अडवण्यासाठीच असतो. तो काढून टाकलेला दिसला तर काम थांबवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. पीटीओचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यावर प्लॅस्टिकचे आवरण नसेल तर पदर, ओढणी, उपरणे ओढले जायला क्षणही लागत नाही. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात. इंजिन बंद, किल्ली खिशात आणि पाती थांबलेली, एवढे झाल्याशिवाय कुणीही यंत्राखाली हात घालू नये. मडगार्डवर मुलांना बसवू नये. तोडणी आणि कापणी वेगवेगळ्या दिवशी ठेवा. तुमच्या मालकाला हा मजकूर वाचायला द्या आणि दिवस आधीच ठरवून घ्या.