मंत्र, गदा आणि प्रत्येकाची पाळी

फँटसी खेळांमध्ये जादूगार आणि लढवय्या यांच्यात तोल कसा राखायचा, यावर खेळणारे लोक गेली पन्नास वर्षं वाद घालत आहेत. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. मला तर हा वाङ्मयाचाच प्रश्न वाटतो. एकाच कथेत एकाकडे मंत्र आहे आणि दुसऱ्याकडे नुसतं मनगट. मग दोघांनाही कथा पुढे नेता आली पाहिजे, याची सोय लेखकाने कशी करायची?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपल्या पाळीला ते पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. उरते ती सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट.

तोल आला कुठून?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला. त्याची मुळं युद्धखेळात होती. १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात जादूगाराचा अग्निगोळा म्हणजे जवळपास तोफखानाच होता. सैन्यात तोफ असली म्हणून शिपायाला वाईट वाटत नाही, कारण दोन्ही एकाच खेळाडूच्या हातात असतात. पण इथे तोफ एका मित्राकडे गेली आणि तलवार दुसऱ्याकडे. तोलाचा प्रश्न तिथून सुरू झाला.

सुरुवातीच्या नियमांत त्यावर उपाय होते. जादूगार नाजूक असायचा, चिलखत घालू शकत नसे आणि पहिल्या पातळीवर दिवसाला एकच मंत्र. तो वापरला की डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आली. दुसऱ्या पातळीला जायला लढवय्याला साधारण २,००० अनुभवगुण लागत, जादूगाराला २,५००. लढवय्या नवव्या पातळीला पोचला की गढी बांधायचा, पदरी माणसं ठेवायचा. म्हणजे जादूगाराकडे मंत्र वाढत, तेव्हा लढवय्याकडे सत्ता येई.

पुढे हे टेकू एकेक करून निघाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना अनुभवगुणांचा एकच तक्ता आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या पात्रांच्या करामती एकाच साच्यात बसवल्या. तोल आला, पण सगळे सारखेच वाटतात अशी ओरड झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला रस्ता धरला. बरेच मोठे मंत्र टिकवायला एकाग्रता लागते, असा एकच मंत्र एका वेळी चालतो आणि मार बसला की तो तुटू शकतो.

सोनगडच्या किल्ल्यात

सुट्टीत मी बारडोलीला घरी असतो, तेव्हा सूत्रधार मी. बारडोली सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर. आमच्यासारखी खानदेशातून आलेली घरं इथे आहेत, त्यामुळे टेबलावर मराठी, अहिराणी, गुजराती सगळं एकत्र चालतं. कथाही जवळचीच घेतो. मिंढोळा नदी ओलांडायची आणि गायकवाडांच्या सोनगडच्या किल्ल्यावर जायचं, मात्र किल्ल्यात आता गॉब्लिन राहतात.

आमची पात्रं पाचव्या पातळीला पोचली होती. दरवाज्यात सहा गॉब्लिन, प्रत्येकाचे प्राणगुण ७. मामेबहिणीच्या जादूगारणीने अग्निगोळा टाकला. त्याचे सहा बाजूंचे आठ फासे पडतात, सरासरी २८. गॉब्लिनने अंग चोरलं तरी निम्मे, म्हणजे १४. सहाच्या सहा संपले. धाकट्या मामेभावाचा लढवय्या एका पाळीत दोन वार करतो, म्हणजे नशीब जोरावर असलं तर दोन गॉब्लिन. शेजारचा गुजराती मित्र ‘मारो वारो क्यारे आवशे?’ असं विचारेपर्यंत लढाई आटोपली होती.

धाकटा म्हणाला, ‘दादा, पुढच्या रविवारी तुम्हीच खेळा. मी नुसता फासा टाकायला येऊ का?’

नियमांप्रमाणे त्या जादूगारणीला तसा गोळा दिवसातून मोजक्याच वेळा टाकता येतो. दिवसभरात पाच-सहा झटापटी असतील तर तिला जपून खर्च करावा लागतो, आणि लढवय्याची तलवार काही संपत नाही. पण दिवसात एकच लढाई आणि मग रात्रभर झोप, असं चाललं की मंत्र पुन्हा भरतात आणि तोल जातो. बरीच भांडणं या विश्रांतीपाशी येऊन अडतात. तरी धाकट्याची तक्रार आकड्यांची नव्हती. आपण नसलो तरी गोष्ट तशीच घडली असती, हे त्याला लागलं होतं.

व्यासांनी काय केलं?

या जागी मला महाभारत आठवतं. तिथे अस्त्रं म्हणजे मंत्रच, आणि जवळजवळ प्रत्येकाला किंमत आहे. कवचकुंडलं देऊन कर्णाने इंद्राकडून शक्ती घेतली. ती एकदाच चालणार होती. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली. परशुरामाकडे खोटं बोलून मिळवलेलं ब्रह्मास्त्र त्याला ऐन वेळी आठवणार नाही, असा शाप. व्हान्सचे जादूगार मंत्र विसरतात त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अश्वत्थाम्याच्या नारायणास्त्रापुढे हत्यार खाली ठेवणारा वाचतो, आणि ते अस्त्र पुन्हा वापरता येत नाही. ब्रह्मशिर अर्जुनाला मागे घेता आलं, अश्वत्थाम्याला नाही.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो भीम. अस्त्रविद्येत तो अर्जुनाच्या जवळपासही नाही. तरी त्याच्यावाचून कथा पुढे सरकत नाही, कारण त्याच्या वाट्याची कामं आधीच ठरलेली आहेत. दुःशासनाचं रक्त आणि दुर्योधनाची मांडी या त्याच्या प्रतिज्ञा भर सभेत सगळ्यांनी ऐकल्या आहेत. अर्जुनाकडे कितीही अस्त्रं असोत, ते काम भीमाचंच. आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त सामर्थ्य, तो कृष्ण शस्त्र हाती धरणार नाही असं आधीच सांगून बसतो.

म्हणजे अस्त्राला किंमत, बलवानाला बंधन आणि गदेवाल्याला प्रतिज्ञा. यातली पहिली दोन बहुतेक खेळांच्या नियमांत सापडतात. तिसरी सूत्रधाराने आणायची असते.

टेबलावर काय करता येईल

आमच्याकडे आता तीन गोष्टी पाळतो. एक, किल्ल्यात शिरल्यावर हवी तेव्हा झोप नाही. थांबलात तर शत्रू सावध होतो. दोन, मंत्राची किंमत वापरण्याआधी सगळ्यांना माहीत हवी. मागाहून लादलेली किंमत शिक्षा वाटते, आणि ‘ताईचा गोळाच काढून टाक’ हा उपाय तर ताईवर अन्याय. तीन, प्रत्येकाने सुरुवातीला एक प्रतिज्ञा लिहायची आणि ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची.

धाकट्याने लिहिलं, ‘मी मागे असेन तोवर माझ्या माणसांपर्यंत कुणी पोचणार नाही.’ पुढच्या खेळात परतताना मिंढोळेच्या पुलावर तो एकटा उभा राहिला. पूल अरुंद, एका वेळी दोघेच समोर येऊ शकत होते. मागे मामेबहीण एक मोठा मंत्र टिकवून होती. तिला एक बाण लागला असता तर मंत्र तुटला असता. त्या दिवशी तिचा मंत्र त्याच्या ढालीवर उभा होता, आणि हे तिनेच त्याला सांगितलं. वार त्याचे तेच होते, दोन.

काही खेळ सरळ मान्य करतात की जादूगारच थोर. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’त तर प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार असतो आणि बाकीची साधी पात्रं सगळे आळीपाळीने चालवतात. तेही चालतं, कारण थोर होण्याची पाळी प्रत्येकाला मिळते. तोल बिघडतो तो एकाच माणसाने दर वेळी बघत बसायचं असतं तेव्हा.

तेव्हा तुम्ही सूत्रधार झालात, किंवा वर्गातलं नाटक बसवत असाल, तर एक सोपी चाचणी करून पाहा. एक पात्र मनातल्या मनात काढून टाका. गोष्ट जशीच्या तशी राहिली तर त्या पात्राला जास्त ताकद देऊ नका, एखादं असं काम द्या जे दुसऱ्या कुणाच्याच हातून होणार नाही.