श्वासनलिकेला छेद : क्षणभर श्वास थांबवून



श्वसनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर श्वासनलिका काढतो, कूर्चेच्या कड्या दाखवतो आणि पुढे जातो. आज त्या कड्यांपाशीच जरा थांबू या. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या कडीपाशी छेद घेऊन तिथून श्वासासाठी नळी बसवतात, तिला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, उपचार मिरजेच्या सरकारी दवाखान्यात झाले. पुढे वर्षभरात व्हेंटिलेटर हा शब्द सातारा-सांगलीत घरोघरी पोहोचला. आपल्याकडे अजूनही "गळ्याला भोक पाडायचं म्हणतायत, म्हणजे आता काही खरं नाही" असंच समजतात. तसं नसतं हो! तोंडातली नळी फार दिवस राहिली तर स्वरयंत्राला इजा होऊ शकते, गुंगीचं औषधही जास्त लागतं. गळ्यातल्या नळीने गुंगी कमी करता येते, कफ काढणं सोपं जातं, व्हेंटिलेटर हळूहळू सोडवता येतो.

मग भीती कसली? व्हेंटिलेटर दाबाने हवा आत ढकलत असतो. नेमकी तेव्हाच नलिका उघडली, तर विषाणू असलेले तुषार थेट डॉक्टर-नर्सच्या तोंडावर. म्हणून शक्य तर दहाएक दिवस थांबतात, तोवर संसर्गाचा जोर बहुधा ओसरतो. खोलीत मोजकीच, अनुभवी माणसं. एन-९५ मास्क, चेहऱ्यावर ढाल. रुग्णाला आधी शुद्ध ऑक्सिजन भरपूर देतात आणि खोकला येऊ नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध. तोंडातली नळी थोडी खाली सरकवतात, म्हणजे तिच्या टोकाचा फुगा छेदाच्या खाली जातो. मग सर्जन मोठ्याने सांगतो, भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर थांबवतो, आणि मगच नलिका उघडतात. नवी नळी आत, फुगा फुगवला, फिल्टर जोडला, व्हेंटिलेटर सुरू. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड दिसला म्हणजे नळी जागेवर आहे. हे सगळं झटपट व्हावं लागतं, कारण तेवढा वेळ रुग्ण साठवलेल्या ऑक्सिजनवरच असतो. कोणी काय करायचं, ते आधीच ठरलेलं असतं.

एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही. फुगा फुगलेला असेतो हवा स्वरयंत्रातून जात नाही, म्हणून माणूस जागा असूनही त्याचा आवाज फुटत नाही. घरचे घाबरतात, "वाचा गेली" म्हणतात. अशा वेळी पाटी-पेन्सिल कामाला येते. हातात बळ नसेल तर 'पाणी', 'दुखतंय', 'कफ', 'घरचे' असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता समोर धरायचा, रुग्ण बोटाने दाखवतो. असा तक्ता पाचवीतली मुलंसुद्धा एका तासात बनवतील.